आठला पाच कमी

नेनेकाकांच्या सभागृहात मी पहिल्यांदा गेलो तो विचार ऐकायला नव्हे, पंख्याखाली बसायला. सदाशिव पेठेत गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. कंपनी हिंजवडीला आणि क्लायंट ऑस्ट्रेलियातला, त्यामुळे पहाटे साडेपाचला कंपनीची बस पकडायची आणि दुपारी चारला सुटायचं. पाच वाजता खोलीवर यावं तर पत्रा असा तापलेला की आत पाऊल टाकवत नसे. मी यवतमाळकडचा. आमच्या उन्हाळ्यापुढे पुण्याचा उन्हाळा म्हणजे पोरखेळ, पण आमच्याकडे निदान कूलर तरी असतो. मेस उघडायची आठला. मधले तीन तास कुठे काढायचे, हा माझ्या तेव्हाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न होता.

एका शाळेच्या फाटकाशी फळा दिसला. ‘श्रोते मंडळ. व्याख्यान साडेसहाला सुरू होईल. उशिरा आल्यास तोटा आपला.’ आत गेलो तर दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात मला धरून चार माणसं. व्यासपीठावर पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले एक शिडशिडीत गृहस्थ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. काटा साडेसहावर आला आणि ते बोलले, "नमस्कार. वक्ते आपल्यासमोर आहेत. त्यांची माहिती पत्रकात छापली आहे. ज्यांनी पत्रक वाचलं नसेल त्यांनी ऐकून ठरवावं." एवढं सांगून ते खाली आले, पहिल्या रांगेत बसले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

पुढे ओळख झाल्यावर मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "चष्म्याशिवाय मला दोन हातांपलीकडचं माणूस दिसत नाही. आणि दिसलं नाही की ऐकू येतं. डोळे उघडे ठेवले तर आपण वक्त्याचा सदरा ऐकत बसतो."

नेनेकाका पोस्टातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी टपालाच्या वर्गवारीत गेली. ‘श्रोते मंडळ’ म्हणजे खरं तर एकटे नेनेच. अध्यक्ष, खजिनदार अशी नावं कागदावर होती. पण फळा लिहिणं, खुर्च्या पुसणं, वक्त्यांना रिक्षाने आणणं हे सगळं त्यांच्याच अंगावर. एप्रिलमध्ये सात दिवस, रोज साडेसहा ते आठ. त्यातला शेवटचा अर्धा तास चिठ्ठ्यांचा. श्रोत्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, खाली सही आणि पत्ता, आणि चिठ्ठी बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. चिठ्ठ्यांचे कागद पोस्टाच्या रद्द झालेल्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूचे असत, पट्टीने फाडून सारख्या मापाचे केलेले. सोबत पेन्सिलींचे तुकडे. नियम एकच होता आणि तो ते रोज सांगत: "सही असलेली प्रत्येक चिठ्ठी वाचली जाईल. सही नसलेली एकही नाही." वेळ संपल्यामुळे राहिलेल्या चिठ्ठ्या ते वक्त्यांकडे पाठवत, उत्तरं मागवत आणि विचारणाऱ्याला पोस्टकार्डाने कळवत. वर्षानुवर्षं. स्वतःच्या खर्चाने.

त्या पहिल्या दिवशी मीही एक चिठ्ठी टाकली. नाव लिहिलं नाही. परक्या गावात उगाच कशाला नाव, असा हिशोब. नेनेकाकांनी चिठ्ठी उलगडली, मागून-पुढून बघितली आणि हात वर करून धरली. "ही निनावी आहे. ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी." ते तसेच उभे. वक्ते पाणी प्यायले, कुणीतरी खोकलं. मिनिटभर तो हात तसाच वर. शेवटी मी उठलो.

"आपली का?"

"हो जी."

"जी? नागपूरकडचे?"

"यवतमाळचा. वानखडे."

"मग तसं लिहा की. अहो वानखडे, पत्त्याशिवाय पत्र आणि सहीशिवाय प्रश्न, दोन्ही कुठेच पोचत नाहीत. तीस वर्षं बघितलंय मी."

मी तिथेच उभ्याउभ्या सही केली. कान तापले होते. दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं ठरवलं आणि सव्वासहालाच जाऊन बसलो. आठवडा संपायच्या आत तो डबा घेऊन रांगांमधून फिरण्याचं काम माझ्याकडे आलं. ते मी पुढची तीन वर्षंही केलं.

नेनेकाका चिठ्ठ्या वाचत त्या एकाच आवाजात. प्रश्न विद्वानाचा असो की येरागबाळ्याचा, आवाजात चढउतार नाही. एकदा एक चिठ्ठी निघाली. त्यांनी ती शांतपणे वाचली: "‘नेने, तुमचं प्रास्ताविक रटाळ होतं. पुरे करा. – द. ना. केळकर, नारायण पेठ.’ सूचना योग्य आहे. पुढची." सभागृह हसलं. केळकर हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत होते.

आणखी एका वर्षी एका पुढाऱ्यांचं भाषण होतं, विषय ‘उद्याचं पुणे’. आयटीमुळे पुण्याचं कसं सोनं होणार, हे ते तासभर सांगत होते. मला तर ऐकताना वाटत होतं की हे सोनं रोज पहाटे साडेपाचच्या बसने मीच वाहून नेतो. चिठ्ठ्या सुरू झाल्या. पुढाऱ्यांबरोबर आलेला एक तरुण व्यासपीठाशी गेला, वरवर चिठ्ठ्या चाळल्या आणि एक काढून काकांना म्हणाला, "ही राहू द्या. साहेबांना निघायचंय."

काकांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि वाचली. "‘आमची जमीन कंपनीत गेली. त्याच कंपनीच्या गेटावर माझा पोरगा वॉचमन हाय. त्याला आत कधी सोडणार? – बबन साखरे, हिंजवडी.’" मागच्या रांगेत पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ उभे राहिले. एवढ्यासाठी दोन बस बदलून आले होते ते. पुढाऱ्यांनी हसून काहीतरी उत्तर दिलं. जाताना तो तरुण काकांना म्हणाला, "पुढच्या वर्षी हॉल मिळतो का बघू."

"बघा ना," काका म्हणाले. "फक्त साडेसहाच्या आत बघा."

त्या दिवशी परतताना ते सायकल हातात धरून चालत होते आणि मी शेजारून. मी सहज म्हटलं, "काका, एक चिठ्ठी खिशात टाकली असती तर काय बिघडलं असतं?"

ते चालत राहिले. नागनाथ पाराशी येऊन थांबले.

"टाकली होती एकदा," ते म्हणाले. "आणीबाणीत. मी नवा नवा चिटणीस, त्यात सरकारी नोकर. मुद्दाम निरुपद्रवी विषय ठेवला होता, ‘समतोल आहार’. चिठ्ठी आली: ‘ज्यांना पकडून नेलं आहे त्यांच्या आहाराचं काय?’ खाली सही. परचुरे मास्तर, पूर्ण पत्त्यासकट. सभागृहात कोण कोण बसलेलं असेल सांगता येत नव्हतं. मी ती खिशात टाकली आणि म्हटलं, वेळ संपली. मला खरंच वाटलं हो, की मी मास्तरांना वाचवतोय. नंतर ते आले. म्हणाले, ‘माझी चिठ्ठी?’ मी म्हटलं, ‘वेळ संपली ना.’ त्यांनी वर घड्याळाकडे बघितलं. आठला पाच मिनिटं कमी होती."

"मग?"

"मग काही नाही. टोपी घातली आणि गेले. दोन गल्ल्या सोडून राहायचे. पुन्हा कधी आले नाहीत. वारले तेव्हा मी गेलो होतो, पण जिना चढवला नाही." सायकलची घंटा त्यांनी उगीच एकदा वाजवली. "पाच मिनिटं बाकी होती, वानखडे."

हा माणूस नियमाचा एवढा पक्का का, याचं कोडं मला त्या दिवशी सुटलं. नियम त्यांनी दुसऱ्या कुणासाठी केलेलाच नव्हता.

आता मला मेसबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं त्यावाचून समजायचं नाही. आमची मेस मावशींची. त्यांच्या घरातच बाहेरच्या खोलीत दोन पंगती बसायच्या. वाढायला त्यांचा मुलगा विक्रांत. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान, तालमीत जाणारा, हसरा. पुण्यात दुचाकी कशी चालवायची हे त्यानेच मला शिकवलं. एकदा मी तापाने फणफणलो, तर तीन दिवस डबा घेऊन माझ्या गच्चीवर तोच चढत होता आणि दवाखान्यातही त्यानेच नेलं. तो कुठल्याशा संघटनेत जाऊ लागल्याचं मला माहीत होतं. मनगटाला धागा आला, बोलण्यात ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ हे शब्द वाढले. मी मान डोलवायचो आणि आमटी मागायचो.

माझ्या चौथ्या वर्षी काकांनी एका निवृत्त प्राध्यापिकेला बोलावलं. आम्ही त्यांना बाईच म्हणायचो. विषय ‘दंगलीनंतर’. एका लहानशा गावात दंगल झाल्यावर त्या तिथे चार वर्षं जाऊन-येऊन राहिल्या होत्या आणि घरोघर विचारून वह्याच्या वह्या भरल्या होत्या. व्याख्यानाच्या दोन दिवस आधीपासून पेठेत कुजबुज होती. काकांना फोन आला की भावना दुखावतील, कार्यक्रम रद्द करा. ते म्हणाले, "पत्रक छापून झालंय." फाटकावर दोन पोलीस आले आणि खुर्च्या मागून बसले.

बाई सावकाश बोलत होत्या. एक वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. त्या म्हणाल्या, "प्रत्येक घरात मला एकच उत्तर मिळालं, ‘बाहेरची माणसं होती हो.’ मग मी विचारायचे, बाहेरच्या माणसांना कुठलं दुकान कुणाचं हे कुणी दाखवलं? एवढं विचारलं की त्या घरात चहा यायचा. चहा आला की मी ओळखायचे, आता पुढे काही मिळायचं नाही."

साडेसात झाले. मी डबा घेऊन फिरत होतो. पहिल्या रांगेत काका चष्मा काढून, डोळे मिटून बसलेले. तेवढ्यात मागून घोषणा आल्या. पंधरा-वीस पोरं फाटकातून आली नाहीत. ती आली मागच्या जिन्याने, मुतारीच्या बाजूच्या. तो जिना तिथल्या माणसांशिवाय कुणाला माहीत नव्हता. ट्यूबलाइट फुटली. बायका ओरडल्या. मी मधल्या वाटेवर डबा छातीशी धरून उभा होतो आणि माझ्यासमोर, हातभर अंतरावर, विक्रांत आला. त्याने माझ्या शेजारची लोखंडी खुर्ची मिटली, उचलली.

"वानखडे, तू बाजूला हो," तो म्हणाला.

आणि मी झालो.

मी तिथेच उभा राहिलो असतो तर खुर्ची कदाचित मला लागली असती. कदाचित त्याने ती खाली ठेवली असती. मला तीन दिवस डबा आणून देणारा मुलगा होता तो. मी बाजूला झालो आणि ती खुर्ची व्यासपीठावर गेली, बाईंच्या उजव्या हातावर. त्यांच्या वह्या खाली पडल्या, त्या कुणीतरी फाडल्या. काका चाचपडत पायऱ्या चढायला गेले आणि पडले. सगळं मिळून चार-पाच मिनिटं चाललं असेल. नंतर सभागृहात उलथ्या खुर्च्या होत्या आणि डबा घट्ट धरून मी होतो. डब्यात तेवीस चिठ्ठ्या होत्या.

बाईंचं मनगट मोडलं होतं. पोलिसांनी काकांना विचारलं, "कुणाला ओळखलंत?"

"मी चष्मा काढला होता," काका म्हणाले.

फौजदारसाहेबांना हसू आवरलं नाही. त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. साक्षीदार म्हणून एवढा निकामी माणूस त्यांना मिळाला नसेल.

दुसऱ्या दिवशीचे वक्ते अचानक आजारी पडले. काकांनी फळा लिहिला, साडेसहाला नमस्कार केला. सात श्रोते होते. "आजचे वक्ते आलेले नाहीत. आपण चिठ्ठ्या घेऊ." मी डबा फिरवला. एकाही माणसाने पेन्सिल उचलली नाही. काका व्यासपीठावर खुर्ची घेऊन आठ वाजेपर्यंत बसून राहिले आणि आमच्याकडे बघत राहिले. मी त्यांना सभागृहात चष्मा लावून बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच दिवशी रात्रीच्या जेवणाला मी मेसमध्ये गेलो. विक्रांत नव्हता, ‘मामाकडे गेलाय’. मावशींच्या मेसमध्ये तूप एकदाच मिळायचं आणि तेही चमच्याच्या टोकाने. त्या दिवशी त्यांनी न विचारता माझ्या भातावर दुसऱ्यांदा तूप वाढलं. मी तो भात खाल्ला.

तक्रार टिकायची तर निदान एकाने तरी ‘हा होता’ असं म्हणायला हवं होतं. बाईंची दुसरी काही मागणी नव्हती. हात मोडल्याची नुकसानभरपाईसुद्धा नको होती. ‘कुणीतरी म्हणू दे, की बघितलं,’ एवढंच त्या काकांना म्हणाल्या होत्या. मंडळाकडे हजेरीपट नव्हता. पण तेवीस चिठ्ठ्या होत्या, तेवीस सह्या आणि तेवीस पत्ते. पोस्टातल्या माणसाला आणखी काय लागतं? काकांनी त्या पेठांप्रमाणे लावल्या आणि सायकल काढली.

संध्याकाळी पायरीवर बसून ते मला सांगत, कोण काय म्हणालं. एकजण मागे बसले होते. एकींचा मोतीबिंदू नेमका त्याच आठवड्यात वाढला होता. कुणाची मुलगी लग्नाची होती. केळकर म्हणाले, "नेने, मी तुमची कितीही टिंगल केली असेल, पण माझं दुकान त्या पोरांच्याच रस्त्यावर आहे." तेवढं एकच उत्तर काकांना आवडलं, कारण ते खरं होतं. बाकी सगळ्यांनी शेवटी एकच सांगितलं, "पोरं बाहेरची होती हो. आपल्या पेठेतली नव्हेत."

"आणि चहा?" मी विचारलं.

"सगळीकडे," ते म्हणाले. "उत्तम चहा."

माझ्याकडे ते सगळ्यात शेवटी आले. तेवीस घरं झाल्यावर. मी चिठ्ठी लिहिलेली नव्हती, म्हणून यादीत नव्हतो; पण सभागृहात उभा असलेला मी एकटाच होतो, हे त्यांना माहीत होतं. साठीचा माणूस तीन मजले चढून गच्चीवर आला. टेबलावर माझी फाइल उघडी होती: फोटो, पासपोर्ट, कंपनीचं पत्र. अकरा दिवसांनी मुंबईला व्हिसाची मुलाखत.

"अमेरिका?"

"हो. न्यू जर्सी."

"छान." ते खाटेच्या कडेला टेकले. "वानखडे, तुम्ही मधल्या वाटेवर होतात. कुणाला बघितलंत का?"

आणि त्यांनी चष्मा काढला.

मला अजून वाटतं, त्यांनी चष्मा काढला नसता तर मी कदाचित खरं बोललो असतो. पण ते डोळे मिटून, मान किंचित कलती करून, जसे व्याख्यानात बसत तसे बसले होते. माझ्या डोक्यात पोलीस ठाण्याच्या कागदावरचं माझं नाव होतं, कोर्टाच्या तारखा होत्या, व्हिसाच्या खिडकीमागचा गोरा माणूस होता, तूप होतं आणि तापात आलेला डबा होता. यवतमाळला वडिलांनी सगळ्या आळीला पेढे वाटून ठेवले होते.

"नाही जी, काका," मी म्हटलं. "गर्दी होती. ओळखीचं कुणी नव्हतं. बाहेरची वाटली पोरं."

शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते माझं मीच जोडलं. अख्ख्या पेठेत बाहेरचा खरा मी होतो, आणि ते वाक्य मीही म्हटलं.

काकांनी चष्मा लावला. "बरं," ते म्हणाले. "तिकडे थंडी फार असते. कोट इथून नेऊ नका, तिथेच घ्या." जिन्याच्या तोंडाशी वळले. "पोचलात की पत्ता कळवा."

मी पत्ता कळवला. आणखी काही कळवलं नाही. प्रकरण पुराव्याअभावी बंद झालं. त्याचं पुढचं मला काकूंच्या, म्हणजे नेनेकाकांच्या पत्नीच्या, पत्रातून समजलं. काकांनी नियमाप्रमाणे त्या तेवीस चिठ्ठ्या बाईंना पाठवल्या. महिन्याभराने तेवीस पोस्टकार्डं आली. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून बाईंनी ती डाव्या हाताने लिहिली होती. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी वेडीवाकडी, पण प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. काकांनी ती कार्डं पेटीत टाकली नाहीत. सायकलवरून घरोघरी स्वतः नेऊन दिली. ‘कुणी आत या म्हणालं नाही,’ असं काकूंनी लिहिलं होतं, ‘आणि हेही थांबले नाहीत.’ बाई पुन्हा कुठल्या व्यासपीठावर चढल्या नाहीत. त्या गेल्याचंही मला वर्षभराने कळलं.

परदेशात मी अकरा वर्षं काढली. परत आलो, पुन्हा हिंजवडीच. आता बसऐवजी स्वतःच्या गाडीतून तासन् तास अडकून राहायचं, एवढीच काय ती प्रगती. एका एप्रिलमध्ये पोस्टकार्ड आलं. ‘श्रोते मंडळ, धायरी. साडेसहा. यावे.’ माझा नवा पत्ता त्यांनी कुठून मिळवला, देव जाणे. काकू गेल्यावर काकांना मुलाने धायरीच्या फ्लॅटमध्ये आणलं होतं आणि तिथे त्यांनी सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये व्याख्यानमाला सुरू केली होती. पंचाहत्तरीला.

मी सहा पंचविसाला पोचलो. काका वाळले होते, पण शर्ट तोच. "या वानखडे. वेळेवर आलात," एवढंच म्हणाले. चौदा श्रोते, सगळे साठीपुढचे. विषय ‘गुडघेदुखी’. मी मागच्या रांगेत बसायला गेलो तर प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर अक्षरं दिसली: ‘सौजन्य – विक्रांतदादा मित्र परिवार’. शेजारच्या खुर्चीवर तेच. सगळ्याच खुर्च्यांवर तेच. दाराशी हॉलची किल्ली बोटात फिरवत उभ्या असलेल्या पोराच्या टी-शर्टवरही तेच. विक्रांत आता त्या भागातलं मोठं प्रस्थ आहे, हे मी ऐकून होतो. काका रोज त्या खुर्च्या पुसत होते. बाईंवर खुर्ची फेकणारा तोच, हे त्यांना माहीत नव्हतं, कारण ज्याने सांगायचं तो न्यू जर्सीला गेला होता.

डॉक्टरांनी गुडघ्यांची चित्रं दाखवली. काका चष्मा काढून ऐकत होते. मग डबा फिरला, तोच बिस्किटांचा, आता गंजलेला. मी पेन्सिल उचलली आणि लिहिलं: ‘त्या संध्याकाळी बाईंवर खुर्ची फेकणाऱ्याने मला नावाने हाक मारली होती. तो आमच्या मेसचा विक्रांत होता. मी तुमच्याशी खोटं बोललो. हे सगळ्यांसमोर वाचावं.’ खाली सही केली. सु. वानखडे. पूर्ण पत्ता लिहिला. पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून लिहिला.

काका एकेक चिठ्ठी वाचत होते. जिना चढावा का. मांडी घालून बसावं का. मेथीचे लाडू चालतील का. मग त्यांनी माझी उलगडली. आधी सही बघितली, सवयीने. मग वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, लावला आणि मागच्या रांगेकडे माझ्या दिशेने बघितलं. रागावलेले दिसले नाहीत. रागावलेले असते तर मला सोसलं असतं. मी उभा राहायच्या तयारीत होतो. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवून म्हणाले, "वेळ संपली. राहिलेल्यांना टपालाने उत्तर जाईल. आभार."

नंतर ते खुर्च्या एकात एक घालत होते. मी जवळ गेलो. "हिंजवडी लांब आहे, निघा," ते म्हणाले. "पुलावर गर्दी लागेल." परचुरे मास्तरांनी निदान ‘माझी चिठ्ठी?’ असं विचारलं होतं. मला तेवढंही जमलं नाही. ती आमची शेवटची भेट. पावसाळ्यात ते गेले. उत्तर आलं नाही, आणि मी अजून बिल्डिंगखालची टपालपेटी रोज उघडून बघतो.

आयुष्यभर पाळलेला नियम त्यांनी माझ्यासाठी मोडला. मला वाचवायला मोडला, की आता बोलून काय उपयोग म्हणून मोडला, की हॉलची किल्ली ज्या माणसांच्या हातात होती त्यांची त्यांनाही भीती वाटली, हे मला कधीच कळणार नाही. मला वाचवलं असेल तर ते मला नको होतं. एवढंच नक्की सांगता येतं की त्यांनी "वेळ संपली" म्हटलं तेव्हा मी मान वर करून भिंतीकडे बघितलं. आठला पाच मिनिटं कमी होती.